कवळीवर कानस

जिभेला ती जागा पहिल्यांदा सापडली तेव्हा मी सदर बाजारातल्या हॉटेलात डोसा खात होतो. खालच्या हिरडीच्या डाव्या बाजूला, अगदी मागे, गाल आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत. सांबार लागलं आणि असं झोंबलं की हातातला घास तसाच ताटलीत ठेवला. बायको समोर बसली होती. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मिरची आली." तिथून खोटं बोलायला जी सुरुवात झाली ती पुढे दीड महिना चालली.

आधी कवळीचं सांगतो, म्हणजे पुढचा माझा मूर्खपणा नीट समजेल. मी जबलपूरच्या एका सरकारी कारखान्यात टूलरूममध्ये फिटर होतो. आमच्या घरात त्याला नुसतं फॅक्टरी म्हणतात. पस्तीस वर्षं तिथे काढली आणि पस्तीस वर्षं डाव्या गालात तंबाखू-चुन्याची गोळी धरली. सकाळच्या भोंग्याला लावायची, जेवणाच्या सुट्टीत थुंकायची, सुट्टी संपली की पुन्हा लावायची. रिटायर झालो तोवर दात हलायला लागले होते. त्याच वर्षी वरचे सगळे काढले आणि खालच्या सगळ्या दाढा. वर पूर्ण कवळी बसली. खाली अर्धी, कारण पुढचे पाच दात माझे स्वतःचे शिल्लक होते. त्यांना तारेचे आकडे अडकवून बाकीची कवळी उभी होती. तंबाखू त्याच महिन्यात सुटली. मोठा संकल्प वगैरे काही नाही. कवळीखाली कण शिरला की जीव नकोसा व्हायचा, म्हणून सुटली.

ज्या डॉक्टरांनी कवळी बसवली त्यांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. झोपताना काढून पाण्यात ठेवायची आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. मी आठ वर्षांत दोन्हीपैकी एकही केली नाही. दाखवायला गेलो नाही तो आळस. रात्री काढली नाही ती लाज. बायकोने मला बिनदाताचा पाहू नये असं वाटायचं. आता साठीच्या माणसाला असली लाज शोभते का? नाही शोभत. पण होती. न्हाणीघराची कडी लावून, नळ मोठा सोडून मी कवळी धुवायचो आणि लगेच तोंडात टाकायचो. आठ वर्षांत तिने माझं बोळकं एकदाही पाहिलं नव्हतं. फॅक्टरीत माझ्या मशीनचं तेलपाणी एक दिवस चुकलं तर मी शिफ्टवाल्याची खरडपट्टी काढायचो. स्वतःच्या तोंडातली मशीन मात्र एकदा बसवली की जन्माची झाली असं धरून चाललो होतो.

हिरडी झिजते हे मला कोणी सांगितलं नाही असं म्हणणार होतो, पण सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. वर्षभर खालची कवळी हलून राहिली होती. बोलताना टकटक वाजायची. औषधांच्या दुकानातून चिकटायची पावडर आणली, ती चोपडून दिवस ढकलले. आणि मग सदरमधला तो डोसा.

जखम झाली तेव्हा माझ्या डोक्यात जो विचार आला तो फक्त फिटरच्याच डोक्यात येऊ शकतो. तिथे टोचतंय म्हणजे कवळी तिथे उंच आहे. उंच आहे म्हणजे घासून काढायची. यात डॉक्टरचं काय काम?

फॅक्टरीत दोन पृष्ठभाग एकमेकांवर तंतोतंत बसवायचे असले की एकाला निळा रंग चोपडतात आणि दुसरा त्यावर टेकवून हलकेच सरकवतात. जिथे निळं उमटेल ती जागा उंच. ती कानशीने उतरवायची, पुसायचं, पुन्हा टेकवायचं. अंगावर काटा येईल इतकं बारीक काम होतं या पद्धतीने. सगळ्या टूलरूममध्ये माझ्या हाताचा बोलबाला होता, ही काही बढाई नाही. मग घरात निळा रंग कुठला? कपड्यांची नीळ. बायको देवळात गेली की मी तिची नीळ थोड्या तुपात कालवायचो, बोटाने डाव्या हिरडीला लावायचो आणि कवळी वर बसवून दाबायचो. काढून पाहिली की गुलाबी प्लास्टिकवर निळे ठिपके. गॅलरीत उन्हात बसून सुईसारख्या बारीक कानशीने मी ते ठिपके उतरवले. तीन सकाळी हे काम चाललं. खरं सांगतो, इतक्या वर्षांनी हातात कानस आली तर फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी बायको लवकर परत आली.

"हे तोंड काहून निळं दिसून राहिलं?"

"जांभळं खाल्ली."

"माघात?"

तिने मोरीतली निळीची बाटली पाहिली, ओट्यावर उघडं पडलेलं तुपाचं भांडं पाहिलं, गॅलरीतली कानस पाहिली. चोरी मुद्देमालासकट पकडली गेली. मी सांगितलं, कवळी थोडी ढिली होती, दुरुस्त करून राहिलो होतो. जखमेचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "फॅक्टरी सुटून आठ वर्षं झाली. तुमच्या डोक्यातून काहून सुटत नाही ती?" आणि नीळ उचलून कपाटात कुलूप लावून ठेवली, जसं काही मी लहान मूल आहे.

दोन दिवस खरंच आराम पडला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. तिसऱ्या दिवसापासून कवळी एका बाजूला कलू लागली आणि तिची कड पुन्हा त्याच खोबणीत रुतू लागली, आता आणखी खोल. मी लवंगेचं तेल लावलं. त्याने तर हिरडीची साल निघाली. वरचा टाळू दिवसभर भाजल्यासारखा राहायचा. ओठांचे दोन्ही कोपरे फाटले, जांभई दिली की रक्त यायचं. बायको भाकरी करायची तर मी म्हणायचो आज भूक नाही. पोळी दुधात कुस्करून खायचो आणि वर म्हणायचो की म्हातारपणी हलकंच बरं. दीड महिन्यात शर्टाची कॉलर गळ्याभोवती ढिली झाली.

मग एका सकाळी हात स्वच्छ धुऊन मी बोट आत घातलं आणि जखमेच्या कडेवरून फिरवलं. कड कठीण लागली. फिटरचं बोट खोटं सांगत नाही. धातूवर बर, म्हणजे कडेला बारीक कोर, राहिली असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी ती बोटाला समजते. तसंच काहीतरी तिथे होतं. पुन्हा बोट फिरवायला मी धजलो नाही.

कारण मी हे आधी पाहिलं होतं. माझ्या शेजारच्या बेंचवर वीस वर्षं एक जोडीदार होता, गोहलपूरचा. आमची दोघांची तंबाखूची डबी एकच. एक दिवस तो आणायचा, एक दिवस मी. त्याच्या तोंडात जखम झाली तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा की दाढ टोचतेय. वर्षभर दाढच टोचत होती. शेवटी मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याचा अर्धा जबडा काढलेला होता आणि नाकातून नळी होती. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहायचा. मी निघालो तेव्हा त्याने पाटी माझ्यापुढे धरली. लिहिलं होतं, "चाय पी के जाना." त्याच्या घरातून मी कसा बाहेर पडलो ते मला आठवत नाही. दोन आठवड्यांनी तो गेला.

त्या सकाळी मी न्हाणीघरातून बाहेर आलो आणि बायकोला म्हटलं, "डॉक्टरकडे जायचंय. तूपण चल." आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. डोसा, नीळ, कानस, लवंगेचं तेल, कठीण कड. मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गॅस बंद केला, साडी बदलली आणि दारात चपला घालून उभी राहिली.

डॉक्टरीण तरुण होती, आमच्या मुलीच्या वयाची. दोन्ही कवळ्या काढून ट्रेमध्ये ठेवायला सांगितल्या. मी बायकोकडे पाहिलं. म्हटलं, "तू बाहेर बस जरा." ती म्हणाली, "मी इथंच बसून आहे." आता काय करणार? काढल्या. गाल आत गेले, हनुवटी वर आली. बायको भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत होती.

डॉक्टरणीने खालची कवळी दिव्याखाली धरली, उलटीपालटी केली.

"इस पर रेती किसने चलाई?" कानशीला हिंदीत रेती म्हणतात.

"मैंने."

"और ये नीला क्या है?"

मी सांगितलं. नीळ, तूप, उंच जागा, सगळं. सांगता सांगता मला स्वतःलाच ऐकू आलं की मी काय बोलून राहिलो आहे. ती आधी हसली, मनापासून हसली. मग हातमोजे चढवून तोंडात पाहिलं आणि हसू गेलं. जे काही सापडलं ते रागावतच सांगितलं. टाळूवर कवळीच्या आकाराचा लालभडक डाग होता, जणू शिक्का मारलाय. चोवीस तास टाळू कवळीने झाकून ठेवला की खाली बुरशी धरते, म्हणाली, आणि कानशीचे ओरखडे म्हणजे त्या बुरशीला घर बांधून दिलंत. ओठांचे कोपरे त्यानेच फाटले होते. ज्या दोन दातांवर तारेचे आकडे होते ते मुळाशी किडले होते. मी म्हटलं, पण मशीनवर तर हीच पद्धत चालते. ती माझ्या हिरडीवर बोट ठेवून म्हणाली, "मसूड़ा लोहा नहीं है, बाबूजी. दबाओ तो दबता है, और रोज़ थोड़ा बदलता है. उससे नाप कैसे लोगे?" या एका वाक्यात तिने माझी तीन दिवसांची कारागिरी निकालात काढली. खरंच होतं ते. मऊ वस्तूवर टेकवून कोणी माप घेतं का? टूलरूममध्ये कोणी असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मग ती जखमेपाशी आली. बराच वेळ पाहिलं, बोटाने दाबून पाहिलं.

"तंबाकू?"

"आठ साल से बंद."

"उसके पहले कितने साल?"

"पैंतीस."

"किस तरफ़ रखते थे?"

मी बोटाने दाखवलं. जखम होती तीच जागा, नखभरही इकडेतिकडे नाही. डॉक्टरणीने खुर्ची माझ्या तोंडासमोर ओढून सरळ सांगितलं. चौदा दिवस दोन्ही कवळ्या बंद, एक तासही घालायच्या नाहीत. बुरशीचं औषध लावायचं, गुळण्या करायच्या, बोट लावायचं नाही. कवळीने केलेली जखम असेल तर कवळी काढल्यावर भरून येईल. नाही भरली तर पंधराव्या दिवशी तुकडा कापून तपासायला पाठवू. "एक दिन भी ज़्यादा नहीं रुकेंगे," असं ती दोनदा म्हणाली, एकदा मला आणि एकदा बायकोला.

घरी आल्यावर मी दोन्ही कवळ्या पाण्याच्या डब्यात टाकल्या आणि डबा बायकोच्या हातात दिला. म्हटलं, "चौदा दिवस म्हणजे चौदा दिवस. मी मागितली तरी द्यायची नाही." तिने तो स्वयंपाकघरातल्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला.

मी हट्टी माणूस आहे. त्या हट्टापायी आजवर बायकोने बरंच सोसलं. पण या वेळी ठरवलं की हट्ट कामाला लावायचा. दुसऱ्याच सकाळी नेहमीसारखा मैदानावर फिरायला गेलो. घरात तोंड लपवून बसलो असतो तर चौथ्या दिवशी कवळी घातली असती, मला माझा स्वभाव माहीत आहे. फिरणाऱ्यांपैकी एकाने विचारलंच, "क्या दादा, दाँत कहाँ भूल आए?" मी म्हटलं, "धुलने डाले हैं." हसले सगळे. एकदा हसले की विषय संपतो. बोलताना हवा सुटायची, निम्मी अक्षरं ओठातच विरायची. भाजीवालीसमोर मी बोटाने दाखवून भाजी घेऊ लागलो. खिचडी, लापशी, मऊ भात, उकडून कुस्करलेला भोपळा. भोपळ्याचा मला लहानपणापासून राग आहे. तोही खाल्ला.

प्रश्न होता तो जखम पाहायचा. इतकी मागे होती की आरशात दिसेना, आणि बोट लावायला बंदी. मापाशिवाय चौदा दिवस काढणं माझ्याच्याने होणार नव्हतं. राहिली बायको. आठ वर्षं जिच्यापासून लपवलं तिच्याचपुढे रोज सकाळी तोंड उघडायचं. पहिल्या दिवशी चहा झाल्यावर मी गॅलरीत खुर्चीवर बसलो, मान मागे टाकली आणि तोंड उघडलं. छताकडे पाहत होतो, कान तापले होते. लग्नाच्या दिवशीसुद्धा मला इतकी लाज वाटली नव्हती. तिने टॉर्च लावला. बोटाने गाल ओढून धरला. थोड्या वेळाने टॉर्च बंद केला.

"किती मोठी आहे?"

"हरभऱ्याच्या डाळीएवढी."

मी मिलिमीटरवाला माणूस, मला ही मापं समजत नाहीत. पण दुसरं मोजणारं कोणी नव्हतं. कॅलेंडरवर लिहिलं, हरभऱ्याची डाळ. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "कालच्यापेक्षा कमी आहे. तुरीच्या डाळीएवढी." सातव्या दिवशी, "मसुराएवढी." दुखणंही कमी झालं होतं, पण दुखण्यावर माझा भरवसा नव्हता. माझ्या जोडीदाराची जखम शेवटपर्यंत फारशी दुखलीच नव्हती. तिच्या शब्दावर मात्र होता. सकाळी ते एक वाक्य ऐकलं की माझा दिवस निघायचा.

नवव्या दिवशी सिहोऱ्याला जायचं होतं. बायकोच्या भावाच्या मुलाचा साखरपुडा, मुलीकडचे तिथले. सकाळी आंघोळ करून आलो तर माझ्या इस्त्रीच्या कुर्त्यावर कवळीचा डबा ठेवलेला.

"हे काय?"

"दोन तासांसाठी घाला. नवी माणसं आहेत, फोटो काढतील."

"नाही."

"डॉक्टरला काय समजणार आहे दोन तासांचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हटलं, "नऊ दिवस भोपळा खाल्ला तो काय फोटोसाठी? तुला माझी लाज वाटून राहिली का?" आवाज चढला होता. बिनदाताच्या आवाजाला धार नसते, तरी शेजाऱ्यांना ऐकू गेला असेल.

ती पलंगावर बसली. म्हणाली, "लाज नाही वाटत. कोणी विचारलं की यांचे दात काहून नाहीत, तर मी काय सांगू? तो शब्द माझ्या तोंडातून निघायचा नाही."

मग मला कळलं की या नऊ दिवसांत तिने तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता, आणि मीपण नाही. आम्ही डाळींची नावं घेत होतो. मी तिच्या शेजारी बसलो. म्हटलं, "कॅन्सर. हाच नं शब्द? कोणी विचारलं तर मी सांगीन. तू फक्त माझ्याजवळ बस." तिने डबा उचलून पुन्हा फळीवर ठेवला आणि डोळे पुसून केसात गजरा माळला.

सिहोऱ्याला विचारलंच लोकांनी. मी सरळ सांगत गेलो. तोंडात जखम आहे, कवळीने झालेली असेल किंवा कॅन्सर असेल, पाच दिवसांनी समजेल. पस्तीस वर्षं तंबाखू खाल्ली आहे. लोक लगेच श्रीखंडाची वाटी पुढे करायचे. श्रीखंड मात्र मी तीन वाट्या खाल्लं. बायको शेजारी ताठ बसून होती. जेवणानंतर मुलीचा काका, धान्याचा व्यापारी, खुर्ची ओढून माझ्या कानाशी आला. म्हणाला, त्याचीही खालची कवळी रुतते, तिथे चट्टा पडलाय, तो कवळीखाली कापूस ठेवतो. मी विचारलं, किती दिवस झाले? म्हणाला, दिवाळीपासून. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "परवा नाही, उद्या जायचं. कापूस नाही, पावडर नाही, आणि देवाशपथ सांगतो, कानस तर लावूच नका." कानशीचं त्याला काही समजलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तो जबलपूरला आला, त्याच डॉक्टरणीकडे. हे मला नंतर समजलं.

तेराव्या दिवशी बायको म्हणाली, "तिळाएवढी." मी कॅलेंडरवर तीळ लिहिलं.

चौदाव्या दिवशी सकाळचा चहा तसाच सोडून आम्ही ऑटोने डॉक्टरणीकडे गेलो. खुर्चीवर बसलो, दिवा डोळ्यांवर आला. डॉक्टरणीने आरसा घातला, गाल ओढला, पाहत राहिली. इतका वेळ काहून लागून राहिला? तीळच तर आहे. पण तीळ उरला आहे म्हणजे भरलं नाही असंच नं? पंधराव्या दिवशी कापणार. माझ्या दोन्ही मुठी खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेल्या होत्या. तिने मोजा घातलेलं बोट त्या खोबणीतून पुढेमागे फिरवलं, एकदा, दोनदा.

"बाबूजी, यहाँ कुछ नहीं है."

मी म्हटलं, "तिल बराबर होगा."

"तिल भी नहीं है. पूरा भर गया. मुलायम है, एकदम साफ़."

मी तिला पुन्हा पाहायला लावलं. तिने न चिडता पाहिलं. जखम कवळीचीच होती, म्हणाली. टाळूही फिका पडलाय. किडलेल्या दातांचं काम आधी करू, मग नव्या कवळ्या, आणि जुन्या आता फेका. झोपताना कवळी तोंडात दिसली तर खबरदार. आणि तंबाखूची पस्तीस वर्षं काही पुसली जात नाहीत, दर सहा महिन्यांनी तोंड दाखवायचं, जन्मभर. मी म्हटलं, "आऊँगा." या वेळी मनापासून म्हटलं.

परतीच्या ऑटोत मी बायकोला म्हटलं, "तुझं माप चुकलं. तीळपण नव्हता तिथे. आधीच भरलं असेल, तुला दिसलं नाही."

ती रस्त्याकडे पाहतच म्हणाली, "मी पाहिलंच नाही."

"काय?"

"एक दिवसही नाही पाहिलं. टॉर्च लावत होती आणि डोळे मिटून घेत होती. तुमचं तोंड वर असायचं, तुम्हाला समजत नव्हतं."

"मग डाळ, मसूर, तीळ?"

"मनानेच. वाढलेली दिसली असती तर खोटं सांगणं मला जमलं नसतं. म्हणून पाहतच नव्हती."

पस्तीस वर्षांच्या नोकरीत, माप न घेता आकडा लिहिणाऱ्या माणसाला मी बेंचवरून उठवलेलं आहे. साहेबांसमोर उभं केलेलं आहे. मी तिच्यावर ओरडायला तोंड उघडलं. चौदा सकाळी मी त्या आकड्यांवर जगलो होतो, बाई. पण माझ्या उघड्या तोंडासमोर डोळे गच्च मिटून ती उभी आहे आणि म्हणते आहे, कमी आहे, कालच्यापेक्षा कमी आहे, हे मला दिसायला लागलं. तिला कोण सांगत होतं कमी आहे म्हणून? तिला तर कोणीच सांगत नव्हतं. मी रडलो. चालत्या ऑटोत, बोळकं उघडं टाकून, मोठ्याने रडलो, जसा आईच्या वेळीही रडलो नव्हतो.

ऑटोवाल्याने आरशातून पाहिलं. विचारलं, "सब ठीक है न, बाबूजी?"

"हाँ भैया, सब ठीक है," बायको म्हणाली. तिने पदराने माझे डोळे पुसले, मग ओठ पुसले, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तोंड मिटलं नाही.